लेखावर नाव कुणाचं? सोपाऱ्याच्या स्तूपाची गोष्ट

पोस्ट जरा मोठी आहे. सवडीने वाचा.

मागच्या आठवड्यात गोराईतली एक मुलगी लॅपटॉप घेऊन घरी आली. इतिहासात एम.ए. झालीय. गावातल्या जुन्या क्रुसांवर आणि विहिरींवर तिने शोधनिबंध लिहिलाय. म्हणाली, "काका, मजकूर तयार आहे, फक्त फॉरमॅट राहिलाय." ते "फक्त" किती मोठं असतं ते बसल्यावर कळलं. टायपिंग जुन्या फॉन्टमध्ये, संपादकांना हवं युनिकोड. बदलताना जोडाक्षरं फुटली, तळटीपांचे आकडे सरकले, संदर्भात कुठे आडनाव आधी, कुठे नंतर. त्यात एका नियतकालिकाने लेख न मागवताच कळवलं होतं, पैसे भरा, आठ दिवसांत छापतो. ती वैतागून म्हणाली, "मग हे टिंब-स्वल्पविराम कुणासाठी जुळवायचे?"

मी तिला शेजारची गोष्ट सांगितली. आपल्या उत्तनच्या पुढे खाडी ओलांडली की वसई, आणि वसईच्या वर सोपारा. तिथल्या एका उंचवट्याला लोक बुरूड राजाचा कोट म्हणायचे. एप्रिल 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो खणला. आत विटांचा स्तूप निघाला. मधोमध दगडी पेटी, तिच्यात तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, मग दगडी, मग स्फटिकाचा आणि सगळ्यांत आत सोन्याचा. भोवती आठ छोट्या ब्राँझ मूर्ती, सोन्याची फुलं आणि यज्ञ सातकर्णीचं चांदीचं नाणं. सोपाऱ्यातच अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा फुटका तुकडाही मिळाला. त्यावर मोजके शब्द. पण पंडितजी जुनागढचे, गिरनारच्या पायथ्याला वाढलेले. तिथल्या खडकावर अशोकाचे लेख आहेत. ताडून पाहिल्याशिवाय असा तुकडा ओळखता येत नाही.

याचा लेख त्याच वर्षी रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात आला. त्यात सोपाऱ्याबरोबर पडणच्या टेकडीचीही माहिती आहे. ही टेकडी आपल्याच उपनगरांतली, आकुर्लीजवळची.

आता या माणसाबद्दल. 1839 चा जन्म, इंग्रजी जेमतेम. 1861 मध्ये डॉ. भाऊ दाजी लाड यांनी त्यांना मुंबईत आणलं. पुढची तेरा वर्षं, भाऊ दाजी जाईपर्यंत, ते डोंगरदऱ्यांत फिरून लेण्यांतल्या लेखांच्या नकला आणि ठसे घेत होते. छापील निबंधावर नाव असायचं डॉक्टरांचं. यात भाऊंना खलनायक करायचं कारण नाही, तेव्हाची रीतच तशी होती. पण उन्हात, वटवाघळांत उभं राहून अक्षर न् अक्षर उतरवणारा वाचकाला दिसत नव्हता. 1874 नंतर पंडितजी स्वतःच्या नावाने लिहू लागले. लिहायचे गुजरातीत. ब्यूलरसारख्या विद्वानांनी त्याचं इंग्रजी केलं. 1884 मध्ये हॉलंडच्या लायडन विद्यापीठाने त्यांना सन्मान्य डॉक्टरेट दिली. 1888 मध्ये ते वारले. आपली हस्तलिखितं सोसायटीत गुरू भाऊ दाजींच्या संग्रहाशेजारी ठेवावीत, ही त्यांची इच्छा होती.

त्या काळच्या शिलालेखावरच्या निबंधाची मांडणी बघा. आधी जागा, मग ठशाचं चित्र, मग अक्षरांचं वाचन, मग भाषांतर, शेवटी टिपा. हा नुसता थाट नव्हता. चित्र आणि वाचन शेजारी छापलं की दुसरा माणूस म्हणू शकतो, "पंडितजी, इथे तुम्ही चुकलात." 1956 मध्ये वसईजवळच्या भुईगावला नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला, तेव्हा ताडायला आधीचं छापील काम हाताशी होतं. फॉरमॅट म्हणजे पुढच्या माणसासाठी दार उघडं ठेवणं.

आज उलटं झालंय. 2010 पासून प्राध्यापकांच्या बढतीत छापील निबंधांचे गुण मोजायला लागले, आणि पैसे घेऊन छापणाऱ्यांचं पीक आलं. मे 2018 मध्ये यूजीसीने आपल्या यादीतून 4,305 नियतकालिकं काढून टाकली. फेब्रुवारी 2025 मध्ये केअर यादीच बंद केली. आता चांगलं-वाईट महाविद्यालयांनी आणि आपणच ओळखायचं. माझी कसोटी साधी: लेख वाचून कुणी प्रश्न विचारतं का? पैशाआधी प्रश्न आला तर थांबा. प्रश्नाआधी पैसे मागितले तर निघा.

आम्ही दोघांनी तीन संध्याकाळी बसून तो निबंध नीट केला. शेवटी मी विचारलं, "विहिरींची नावं कुणी सांगितली?" म्हणाली, "आजीने, आणि कोळीवाड्यातल्या दोन मावश्यांनी." निबंधात त्यांचं नाव कुठेच नव्हतं! आता पहिल्याच तळटीपेत तिन्ही नावं आहेत, त्यांना विचारून, सांगितल्याच्या तारखेसह.

गोराईतल्या पॅगोड्याला रोज माणसं येतात, फोटो काढून परत जातात. गावच्या विहिरी आणि क्रूस मात्र कुठल्याच कागदावर नीट नाहीत. रस्ता रुंद झाला की ते जातील, आणि ते होते हे सांगायलाही कुणी उरणार नाही. तुमच्या घरात कुणी ऐंशीच्या पुढचं असेल तर आजच वही घेऊन बसा. मराठीत लिहा, आपल्या बोलीत लिहा. फॉरमॅट आपण मिळून करू. सांगणाऱ्याचं नाव मात्र पहिल्या दिवशीच लिहून ठेवा.