धावपळीत हरवलेलं पळणं

'धावपळ' हा आपल्या मराठीतला मोठा गमतीचा शब्द आहे. धावणं आणि पळणं, दोन्ही त्यात आहेत. पण ज्याची दिवसभर धावपळ होते तो माणूस बहुधा दिवसात वीस पावलंसुद्धा धावत नाही. सकाळची बस, टेबलावरच्या फायली, मुलीची शिकवणी, येताना बाजार.. "हल्ली फार धावपळ होते हो" असं मी गेली वीस वर्षं सांगत आलोय, आणि सांगताना बहुतेक वेळा खुर्चीत बसलेलो असतो!

कॉलेजात असताना मी १५०० मीटर पळायचो. फार काही दिवे लावले नाहीत, पण पळायचो. मग नोकरी लागली, लग्न झालं, आणि पळणं कधी सुटलं ते कळलंही नाही. मागच्या दिवाळीनंतर पुन्हा सुरू केलं. त्याचं कारण सांगतो. माझे बाबाही कारकूनच. चोपन्नाव्या वर्षी, ऑफिसला जायच्या तयारीत असताना छातीत कळ आली आणि सगळं संपलं. मी आता शेहेचाळीसचा आहे. डॉक्टरांनी माझे रिपोर्ट बघितले, बाबांचं वय विचारलं, आणि थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. नंतर तपासण्या करून घेतल्या आणि म्हणाले, हालचाल वाढवा, पण हळूहळू.

पहिल्या दिवशी पहाटे पोदेर यायच्या आधी बाहेर पडलो. चार घरं गेलो असेन नसेन, शेजारचे काका फाटकात उभे होते. म्हणाले, "कोण रे तुज्या फाटल्यान लागला?"

थट्टाच ती. पण दिवसभर तो प्रश्न डोक्यात घोळत राहिला. कारण मंडळी, हा प्रश्न फार जुना आहे. मोठं माणूस पळताना दिसलं की त्याला काहीतरी कारण असलंच पाहिजे, असंच माणसं वर्षानुवर्षं धरून चालली.

आपल्याच इतिहासात बघा. पेशवाईतले जासूद आणि कासीद पायी पत्रं पोचवायचे. वाटेत एकाचं काही बरंवाईट झालं तर दुसऱ्याने निरोप न्यावा म्हणून जासुदांची जोडी पाठवायची पद्धत होती. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर 'पत्तेमारी' म्हणजे पायी निरोप नेणारा माणूस, आणि त्याच नावाचं शिडाचं जलद गलबतही होतं. पोर्तुगीज लिखाणातही हा शब्द दोन्ही अर्थांनी सापडतो. ही माणसं पळत होती ती पोटासाठी. मालक घोड्यावर किंवा पालखीत, नोकर पायी, अशी ती वाटणी होती. प्रतिष्ठित माणसाने पळू नये हा संस्कार तिथलाच असावा.

नंतर पळण्याला दुसरं कारण मिळालं, शर्यत. १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांना सर दोराबजी टाटा अध्यक्ष होते. तिथे शेतकऱ्यांची पोरं अनवाणी पळत होती. शास्त्रशुद्ध शिक्षण कुणालाच नव्हतं, पण त्यांच्या वेळा दोराबजींना थक्क करून गेल्या. त्यांच्या पुढाकाराने १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकला सहाजणांचा हिंदी संघ गेला. त्यात आपल्या शेजारच्या बेळगावचे फडेप्पा दारेप्पा चौगुले होते. त्या वर्षीची मॅरेथॉन पावणेत्रेचाळीस किलोमीटरची होती, म्हणजे आजच्यापेक्षा थोडी जास्तच. चौगुले २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पळाले आणि एकोणिसावे आले. बेळगावला आपली इतकी ये-जा, पण हे नाव आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? मलाही कॉलेजात असताना कुणी सांगितलं नव्हतं.

पण शर्यतीचं पळणं तरुणांचं आणि निवडक लोकांचं. नोकरी करणाऱ्या, पोट सुटलेल्या माणसाचं काय? त्याचा पहिला धागा सापडतो लंडनच्या दुमजली बसमध्ये! जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास छापला. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिना वरखाली. दोघांची वस्ती, पगार साधारण सारखेच, पण हृदयविकार कंडक्टरांमध्ये बराच कमी. त्याच अभ्यासात टपाल खात्यातली माणसंही होती. पायी आणि सायकलवर पत्रं वाटणारे पोस्टमन एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला कोण? बैठं काम करणारे कारकून! हे वाचलं तेव्हा मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो, खोटं नाही सांगत.

कारण कळलं, पण करायचं काय? त्याचं उत्तर आलं ते थेट न्यूझीलंडहून. ऑकलंडचे आर्थर लिडियर्ड हे बुटांच्या कारखान्यात काम करणारे गृहस्थ. पुढे त्यांनी दूध टाकायचंही काम केलं. ऐन तिशीच्या आत एकदा मित्राबरोबर पाच मैल पळायला गेले आणि त्यांची पुरती दमछाक झाली. आपलं हे आत्ताच असं, तर पन्नाशीत काय होईल, ही धास्ती त्यांनी घेतली. स्वतःच्या शरीरावर वर्षानुवर्षं प्रयोग केले. त्यांच्या तालमीतले पीटर स्नेल आणि मरे हॉलबर्ग यांनी १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये एकाच दुपारी सुवर्णपदकं मिळवली.

पण मला मोठी वाटते ती पुढची गोष्ट. १९६२ साली ऑकलंडमध्ये जॉगिंगचा क्लब सुरू झाला. पळणारे कोण, तर मध्यमवयीन व्यापारी, नोकरदार, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेली माणसंसुद्धा. ज्या काळी अशा रोग्याला अंथरुणातून हलू देत नसत त्या काळातली ही गोष्ट! नियम साधा. पळताना शेजाऱ्याशी बोलता आलं पाहिजे. बोलता येत नसेल तर वेग जास्त झाला, कमी करा.

त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठाचे नामांकित प्रशिक्षक बिल बॉवरमन तिथे पाहुणे म्हणून आले. वय एक्कावन्न. लिडियर्डनी त्यांना रविवारी लोकांबरोबर पळायला नेलं. थोड्याच वेळात बॉवरमन मागे पडले. सत्तरी ओलांडलेले, हृदयविकाराचे झटके पचवलेले एक आजोबा त्यांच्यासाठी मागे थांबले आणि गप्पा मारत त्यांच्या सोबतीने पळत राहिले. बॉवरमनना मात्र उत्तर द्यायलाही दम पुरेना! दुसऱ्यांना पळवून पदकं मिळवून देणारा हा माणूस, आणि स्वतः पळणं कधीच सोडून बसलेला. मला तर तो आपल्यातलाच वाटला.

बॉवरमननी ती फजिती वाया घालवली नाही. १९६३ मध्ये यूजीन गावात लोकांना मैदानावर बोलावलं. बघता बघता इतकी गर्दी झाली की कुणीतरी दगावेल या भीतीने त्यांनी लोकांना घरी पाठवलं, आणि आधी वॉल्डो हॅरिस या हृदयरोगतज्ज्ञाला सोबत घेतलं. दोघांनी मिळून १९६७ साली 'जॉगिंग' नावाचं पुस्तक काढलं. त्याच्या लाखो प्रती खपल्या. त्यातही सांगणं हेच, की थोडं पळा, थोडं चाला, पुन्हा थोडं पळा. थोडक्यात, हळू पळायला लाजू नका.

ही मोकळीक सगळ्यांना एकदम मिळाली नाही. १९२८ च्या ऑलिम्पिकनंतर, बायकांना झेपत नाही असं म्हणून त्यांची ८०० मीटरची शर्यतच काढून टाकली, ती १९६० ला परत आली. १९६७ साली बोस्टन मॅरेथॉनमध्ये कॅथरिन स्वित्झर नंबर लावून पळत असताना एका पदाधिकाऱ्याने तो नंबर ओढून काढायचा प्रयत्न केला. बोस्टनने स्त्रियांना अधिकृत प्रवेश दिला तो १९७२ मध्ये, आणि ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन आली १९८४ ला. लांबचं कशाला, माझी बायको माझ्याइतकीच दमते, तिचे रिपोर्टही काही फार बरे नाहीत. पण आमच्या वाड्यावर पळायला तिला अजून संकोच वाटतो. मला काका थट्टेने विचारतात. तिला काय काय विचारतील?

आता एक कडू गोष्टही सांगायला हवी. १९७७ साली जिम फिक्स या अमेरिकन लेखकाचं पळण्यावरचं पुस्तक तुफान गाजलं. हा पस्तिशीत पळायला लागला तेव्हा चांगला जाडजूड होता, दिवसाला दोन पाकिटं सिगारेटी ओढायचा. पळून पळून सडपातळ झाला, व्यसन सुटलं. आणि १९८४ च्या जुलैत, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, पळायला गेला असतानाच हृदयविकाराने गेला. तेव्हा लोकांनी "बघा, आम्ही सांगत नव्हतो?" असं म्हणून घेतलं. पण त्याच्या वडिलांना पस्तिसाव्या वर्षी पहिला झटका आला होता आणि त्रेचाळिसाव्या वर्षी ते वारले होते. मुलगा त्यांच्यापेक्षा नऊ वर्षं जास्त जगला. ही नऊ वर्षं पळण्याने दिली की नाही, कोण सांगणार? मी मात्र त्यातून दोन गोष्टी घेतल्या. पळणं म्हणजे मरणाशी केलेला करार नव्हे. आणि घरात असा इतिहास असेल तर आधी डॉक्टर, मग बूट.

माझंही पहिल्यांदा चुकलंच. कॉलेजातला वेग आठवून पळालो आणि तिसऱ्या दिवशी पोटरी धरून बसलो. आता विजेचे दोन खांब पळतो, दोन खांब चालतो. आठवड्यातून तीनच दिवस, जेमतेम अर्धा तास. ऑफिसात मार्चअखेर आली तेव्हा दोन आठवडे खाडा झाला. पूर्वी असतो तर तिथेच सोडून दिलं असतं. आता पुन्हा दोन खांबांपासून सुरुवात केली, झालं. खाडा पडला म्हणून कुणी मेमो देत नाही!

परवा सकाळी काका पुन्हा फाटकात होते. पुन्हा तोच प्रश्न. खरं सांगायचं तर मागे कुणीच नाही असं नाही. चोपन्न हा आकडा माझ्या मागे आहेच, आणि तो काही माझ्या पळण्याने मागे पडणार नाही हेही मला कळतं. पण त्या अर्ध्या तासात तो आठवत नाही. दव पडलेलं असतं, लांबून पोदेराचा भोंगा ऐकू येतो, आणि हातात कुठलीही फाईल नसते.

"कोणूच ना," मी म्हटलं. दम लागला नव्हता, म्हणजे वेग बरोबर होता. आणि शेजारी चालायला बाहेर पडलेली बायको हसली. पुढच्या खांबापर्यंत ती माझ्याबरोबर पळाली. एकच खांब.

असो. सुरुवात एकाच खांबाने होते.