ब्रेक झिजतात, मग ते जातात कुठे?

पाऊस संपून हिवाळा लागला की आपल्या किनाऱ्यावर परदेशी नंबरपाट्यांच्या थोराड गाड्या दिसू लागतात. हरमलला, आगोंदला माडांच्या सावलीत त्या महिना महिना उभ्या असतात. आत बिछाना, स्वयंपाकाचा ओटा, पाण्याची टाकी, छपरावर सौरपट्टी. या गाड्यांना मोटारहोम म्हणतात. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते तसे यांचे चाकांवर. बघायला जमलेली मंडळी हमखास विचारतात, आत किती माणसे झोपतात, चहा कसा करता, तेल किती खाते. एक प्रश्न मात्र फारसा कोणी विचारत नाही. एवढे मोठे घर घाटात थांबवते कोण?

थांबवतात ते तळहाताएवढे काही तुकडे. आपले मेकॅनिक त्यांना ‘लायनर’ म्हणतात. जुन्या पद्धतीच्या ड्रम ब्रेकमध्ये लोखंडी अर्धगोल शूवर हे लायनर रिबेट ठोकून किंवा चिकटवून बसवलेले असतात. डिस्क ब्रेक असेल तर त्यांच्या जागी पॅड. जाडी काही मिलिमीटर. झिजणे हेच त्यांचे काम. ते झिजतात म्हणून ड्रम वाचतो, गाडी वाचते आणि आतली माणसेही वाचतात.

थोडा हिशेब करून पाहू. तीन टनांचे मोटारहोम आंबोलीहून सावंतवाडीकडे सुमारे ६०० मीटर खाली उतरते. एवढ्या उतारात जी ऊर्जा सुटते तिच्यात साठेक लिटर पाणी उकळेल. त्यातला काही वाटा हवा घेते, काही गियरमध्ये अडवलेले इंजिन घेते. उरलेली सगळी उष्णता लायनर आणि ड्रम यांच्या वाट्याला येते. ड्रम तापला की फुगतो आणि शूपासून दूर जातो, लायनरची पकडही ढिली पडते. ड्रायव्हर पेडल दाबत राहतो आणि गाडी पुढे जातच राहते. म्हणूनच घाटात पहिल्यापासून लहान गियर टाका असे जुने ड्रायव्हर सांगत आले.

चाकांवरच्या बिऱ्हाडाला ही काळजी इंजिनाच्या आधीपासून आहे. ब्रिटिश नौदलातून निवृत्त झालेले डॉक्टर गॉर्डन स्टेबल्स यांनी १८८५ साली ब्रिस्टलच्या कारखान्यात ‘वाँडरर’ नावाची घोड्यांची घरगाडी बांधून घेतली आणि तिच्यातून इंग्लंड-स्कॉटलंडचा प्रवास केला. हौसेने फिरण्यासाठी बांधलेल्या घरगाड्यांची ती आजी समजली जाते. तिचे वजन सुमारे दोन टन. चढावर घोड्यांची दमछाक व्हायची, पण खरी भीती उताराची, कारण मागून रेटणारे घर घोड्यांच्या अंगावर येऊ शकते. त्या काळच्या जड गाड्यांना उतारावर मागच्या चाकाखाली लोखंडी पायताण अडकवत, म्हणजे चाक न फिरता घसटत जाई. इंग्रजीतही त्याला जोडाच म्हणत. आपल्या गॅरेजातल्या ‘ब्रेक शू’मध्ये हेच पायताण लपलेले आहे.

गंमत म्हणजे मोटारीच्या ब्रेकची पहिली प्रसिद्ध दुरुस्तीही एका मोच्याने केली. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ नवऱ्याला न सांगता त्याची तीनचाकी मोटार घेऊन निघाल्या. सोबत १५ आणि १३ वर्षांचे दोन मुलगे. मानहाइमहून फोर्त्सहाइम, शंभराहून थोडे अधिक किलोमीटर. वाटेत उतारांवर लाकडी ब्रेक घासून घासून निकामी होऊ लागले. तेव्हा त्यांनी एका गावातल्या मोच्याला गाठले आणि लाकडावर चामडे ठोकून घेतले. झिजणारा भाग वेगळा करायचा, तो बदलता येईल असा ठेवायचा, ही कल्पना मोटारीच्या इतिहासात इथून दाखल झाली. त्या मोच्याच्या दुकानात त्या दिवशी जे झाले तेच आज प्रत्येक गॅरेजात होते.

पुढची गोष्ट इंग्लंडच्या डर्बीशर परगण्यातली. डोंगराळ मुलूख. तिथले गाडीवान उतारावर ब्रेकच्या ठोकळ्याला जुने बूट बांधत, हे हर्बर्ट फ्रूड या माणसाने पाहिले. बुटापेक्षा बरे काही करता येईल असे त्याला वाटले आणि १८९७ मध्ये त्याने ब्रेकचे अस्तर बनवण्याचा धंदा काढला. आपल्या आडनावाची अक्षरे उलटसुलट करून त्यात पत्नी एलिझाबेथ हिच्या नावाचे ‘ई’ घातले, आणि ‘फेरोडो’ हे नाव तयार झाले. सुरुवातीला अस्तर विणलेल्या पट्ट्यांचे होते. घोडागाडीला ते पुरेसे होते. मोटारीचा वेग आणि वजन वाढले तसे ते जळू लागले. तेव्हा १९०८ च्या सुमारास फ्रूडने न जळणारा धागा उचलला, तो म्हणजे ॲस्बेस्टॉस.

हा दगड असूनही कापसासारखा पिंजता येतो, कातता येतो, आगीला दाद देत नाही आणि स्वस्तात मिळतो. ब्रेकसाठी याहून चांगले काय हवे? पुढची सत्तर-ऐंशी वर्षे जगभरच्या बहुतेक गाड्या त्याच्या भरवशावर थांबल्या.

पण झिजलेला लायनर जातो कुठे, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही. चामडे झिजले तर मातीत मिसळते. ॲस्बेस्टॉसचे तंतू हवेत तरंगतात आणि फुप्फुसात जाऊन कायमचे बसतात. मँचेस्टरजवळच्या रॉचडेल गावी नेली केरशॉ नावाची बाई टर्नर ब्रदर्सच्या गिरणीत ॲस्बेस्टॉसचे सूत कातत असे. मार्च १९२४ मध्ये, ३३ व्या वर्षी ती वारली. कंपनीने भरपाई नाकारली. डॉ. विल्यम कुक यांनी तिच्या फुप्फुसांची तपासणी करून अहवाल छापला आणि १९२७ मध्ये या रोगाला ‘ॲस्बेस्टॉसिस’ हे नाव दिले. दरम्यान ती गिरणी ज्या ‘टर्नर अँड न्यूअल’ समूहात होती, त्याच समूहात १९२६ मध्ये फेरोडोही सामील झाली. ब्रिटनमध्ये कारखान्यांतल्या धुळीवरचे नियम १९३१ मध्ये आले. पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी यायला १९९९ साल उजाडले.

या मधल्या काळातच चाकांवरची बिऱ्हाडे गोव्याला आली. फोक्सवॅगनची कोंबी १९५० मध्ये बाजारात उतरली आणि १९५१ पासून वेस्टफालिया कंपनी तिच्यात झोपण्या-रांधण्याची सोय करून देऊ लागली. साठ-सत्तरच्या दशकांत अशा गाड्या आणि जुन्या बसगाड्या इस्तंबूल, तेहरान, काबूल, खैबर, लाहोर, दिल्ली असे टप्पे घेत आपल्या हणजुणे-कळंगुटपर्यंत पोचल्या. हिप्पींचे केस, कपडे आणि नाचगाणी यांवर गोव्यात पुष्कळ लिहिले गेले. ती मंडळी तुर्कस्तानचे डोंगर आणि खैबरची खिंड उतरून आली ती कशाच्या जोरावर, याची आठवण कोणी ठेवली नाही. १९७० च्या सुमारापर्यंत कोंबीला चारही चाकांना ड्रम ब्रेकच होते. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, वर्षअखेरीस रशियाचे सैन्य अफगाणिस्तानात शिरले आणि तो मार्ग बंद पडला.

आपल्याकडेही लायनर नव्याने बसवणे ही रोजची बाब होती. जुना शू काढायचा, रिबेटा उडवायच्या, नवा पट्टा ठोकायचा, की शू पुन्हा नवा. मुंबईत घाटकोपरला ‘हिंदुस्थान फेरोडो’चा कारखाना होता. पुढे त्याचे नाव ‘हिंदुस्थान कॉम्पोझिट्स’ झाले. डर्बीशरच्या त्या बुटांची एक फांदी अशी आपल्या शेजारापर्यंत आली. ॲस्बेस्टॉस कामगारांच्या प्रश्नावर अहमदाबादच्या एका ग्राहक संस्थेने सर्वोच्च न्यायालय गाठले आणि २७ जानेवारी १९९५ रोजी निकाल आला. कामगाराच्या आरोग्याची नोंद कामावर लागल्यापासून ४० वर्षे जपावी, असा त्यात आदेश आहे. चाळीस वर्षे का, तर हा रोग तेवढा काळ अंगात लपून राहू शकतो. आपल्या देशात ॲस्बेस्टॉसचे खाणकाम थांबले, आयात मात्र सुरूच राहिली.

आता चांगल्या कंपन्यांचे लायनर काच, पोलाद, अरामिड असल्या तंतूंचे असतात. तरी धूळ ती धूळच. युरोपने २०२४ साली मंजूर केलेल्या ‘युरो ७’ नियमांत ब्रेकमधून उडणाऱ्या कणांवर प्रथमच मर्यादा घातली. म्हणजे नेली केरशॉच्या मृत्यूनंतर बरोबर शंभर वर्षांनी झिजलेल्या ब्रेकचा हिशेब कायद्यात आला.

आपल्या गॅरेजात काय चालते ते आपण पाहतोच. ड्रम उघडला की पोऱ्या कॉम्प्रेसरची नळी घेतो आणि फुस्स करून काळी भुकटी उडवतो. ती त्याच्याच नाकातोंडात जाते. लायनर जुना असेल, त्यावर कंपनीचे नाव नसेल, तर त्यात काय आहे हे डोळ्यांना कळत नाही. उपाय फार सोपा आहे. हवा मारू नये. ओल्या फडक्याने ड्रम पुसावा, फडके पिशवीत बांधून टाकावे. पाच मिनिटे जास्त लागतील.

गाडी घाटावर नेणारी असेल तर आणखी दोन गोष्टी. एका बाजूचा लायनर संपला की दोन्ही बाजूंचे एकदम बदलावेत, नाहीतर ब्रेक मारताना गाडी एका अंगाला ओढते. आणि ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलावे. ते हवेतला ओलावा शोषते, आणि ओलाव्याची आपल्याकडे काय कमतरता! डॉट-४ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू निदान २३० अंश सेल्सियस असतो, ओलावा शिरलेल्याचा १५५ पर्यंत उतरू शकतो. ते घाटात उकळले की पेडल थेट तळाला जाते. किनाऱ्यावर महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या त्या बिऱ्हाडांना तर खाऱ्या हवेचा गंजही आलाच. परतीच्या वाटेला लागण्याआधी ड्रम उघडून पाहिलेला बरा.

त्या वेळी मेकॅनिकच्या हाताखाली जो पोऱ्या बसलेला असेल त्याला तेवढे एक सांगा. बाबा, हवा मारू नको, फडके ओले कर.