बाळगुटीचे वेढे

बारामती-इंदापूरच्या पेठेत काष्ठौषधी ठेवणाऱ्या दुकानात ‘बाळगुटी द्या’ एवढेच म्हणावे लागते. यादी दुकानदाराला पाठ असते. हिरडा, मुरुडशेंग, वेखंड, जायफळ, मायफळ, सुंठ, हळकुंड, जेष्ठमध, अतिविष, काकडशिंगी, वर खारीक आणि बदाम. हा सगळा ऐवज पुडीत बांधून घरी येतो आणि पुढचे पाच-सहा महिने सहाणेशेजारच्या डब्यात राहतो.

पुडीवर मात्रा लिहिलेली नसते. ती आजीच्या हातात असते आणि तिचे माप म्हणजे वेढा. ओल्या सहाणेवर जायफळ एकदा गोल फिरवले की एक वेढा. बदाम-खारकेला सढळ हात चालतो, जायफळाला नाही. बाळाला खडा झाला तर हिरड्याचा वेढा वाढवायचा, पोट फुगले तर मुरुडशेंगेचा, शी पातळ झाली तर मायफळाचा. महिन्यागणिक वेढे वाढवत न्यायचे. जायफळाने गुंगी येते, म्हणून त्याला आवर घालायचा हे घराघरांत माहीत होते. वय, लक्षण आणि मात्रा यांची सांगड घालणारी ही एक अलिखित पद्धतच होती. ‘झाडपाला आहे, अपाय कसला?’ हे वाक्य तिच्यात बसत नाही. ते नंतरच्या काळातले, छापील वेष्टनांवरचे आहे.

अर्थात वेढ्याचे माप कच्चेच. सहाण खरखरीत की गुळगुळीत, हात जड की हलका, मुळी ताजी की दोन वर्षांची, यावर बाळाच्या पोटात काय जाणार ते ठरते. शिवाय ओळखीचा प्रश्न आहे. अतिविष आणि बचनाग एकाच कुळातले. पहिले गुटीत जाते, दुसऱ्याने माणूस दगावतो. वेखंडातला बीटा-असॅरोन हा घटक प्रयोगशाळेतल्या प्राण्यांत कर्करोगकारक आढळल्यावर अमेरिकेने १९६८ साली वेखंड खाद्यपदार्थांत घालायला बंदी केली. आपल्याकडे त्याची कांडी अजून बाळाच्या मनगटातही असते आणि सहाणेवरही. मधाचे बोट चाटवण्याची चाल तर त्याहून जुनी. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते रुजून विष तयार करू शकतात, हे वैद्यकाला १९७०च्या दशकात उमगले.

या तालुक्यांत दुसऱ्या तऱ्हेचे, डॉक्टरी औषध आले त्याची पार्श्वभूमी पाटाची. १८७६-७७च्या दुष्काळाने इंदापूर होरपळले, निरेच्या डाव्या कालव्याचे काम सुरू झाले आणि १८८५पर्यंत पाणी वाहू लागले. बाजरीच्या रानात ऊस उभा राहिला. पाझराने काही जमिनी पाणथळ आणि खारवट झाल्या. पाणी साचले की डास, आणि डासांमागून हिवताप. हिवतापावरचे त्या काळचे औषध म्हणजे क्विनाइन. बंगालात १८९०च्या दशकात सरकारने ते पोस्टातून पैशाच्या पुडीने विकायला काढले आणि पुढे इतर प्रांतांनी तीच वाट धरली. क्विनाइन सिंकोना झाडाच्या सालीतून निघते. नीलगिरी आणि दार्जिलिंगच्या सरकारी मळ्यांत ती साल पिकत होती. म्हणजे तेही झाडपाल्याचेच. पण कारखान्यातून बाहेर पडताना ते वजन करून पुडीत भरलेले असे आणि मोठ्याला किती, मुलाला किती, हे सांगता येई. सहाणेवरच्या हिरड्यापेक्षा त्याचे वेगळेपण एवढेच, आणि हे थोडेथोडके नव्हे.

मोजमापाशिवायचे औषध मुलांच्या वाट्याला कसे येते याचे सर्वांत विदारक उदाहरण मुंबईत दिसले. पुणे, सातारा, नगर आणि कोकणातून गेलेली कुटुंबे गिरण्यांत राबत होती. आई पाळीला गेली की चाळीच्या खोलीत बाळाला सांभाळायला कोण? उत्तर होते अफूची बाळगोळी. १८९३मध्ये नेमलेल्या रॉयल ओपियम कमिशनपुढे तान्ह्या मुलांना अफू देण्याच्या चालीवर भरपूर साक्षी झाल्या. कमिशनने बंदीची शिफारस मात्र केली नाही. पुढे १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला गिरणीकामगार बायकांच्या बाळंतपणांची पाहणी करणाऱ्या डॉ. बार्न्स यांना जवळजवळ सगळ्याच बाळांना अफू दिली जात असल्याचे आढळले. त्या आयांना दोष देणे सोपे आहे. पाळणाघर नव्हते, रजा नव्हती आणि गोळी स्वस्त होती. अफूही वनस्पतीच, आणि जुन्या वैद्यकग्रंथांत ‘अहिफेन’ म्हणून रुळलेली.

याच नावाची गोळी पुढे समुद्रापार वेगळ्याच कारणाने गाजली. १९८४मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडात एका भारतीय कुटुंबातले तान्हे मूल शिशाच्या विषबाधेने दगावले. पोट साफ राहावे म्हणून देशी चूर्ण दिले जात होते, त्यात शिसे निघाले. तेव्हापासून तिथल्या आरोग्य खात्याच्या शिसेयुक्त घरगुती औषधांच्या यादीत ‘बाळगोळी’ हेही नाव आहे.

म्हणून डॉक्टरच्या चिठ्ठीवरचे औषध आपोआप सुरक्षित ठरते का? १९८६च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलिन ग्लायकॉल मिसळलेले ग्लिसरॉल देऊन १४ रुग्ण गेले आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने औषध खरेदीची साखळी उघडी पाडली. तेच रसायन २०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात परतले. ‘कोल्ड्रिफ’ या खोकल्याच्या औषधाच्या एका बॅचमध्ये ते ४८.६ टक्के निघाले. वीसहून जास्त मुले मूत्रपिंडे निकामी होऊन गेली. त्यांपैकी काहींवर नागपुरात उपचार चालू होते. बॅच नंबर होता, परवाना होता, चिठ्ठी होती. फक्त आत काय आहे हे कोणी तपासले नव्हते. फरक नंतर दिसला: बॅच नंबर असल्याने माल शोधून थांबवता आला आणि महाराष्ट्रात त्या बॅचची विक्री लगेच रोखली गेली. बाजारातून आणलेल्या सुट्या वेखंडाबाबत ही सोय नाही.

त्या प्रकरणानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने सांगितलेली गोष्ट कोणत्याही आजीला पटावी. दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत, पाचाखालच्यांनाही सहसा नकोत. बहुतेक खोकले आपोआप बरे होतात. जागतिक आरोग्य संघटना तर २००१पासून पहिले सहा महिने निव्वळ आईच्या दुधाचा आग्रह धरते. त्यात गुटी, मध, ग्राइपवॉटर आणि वरचे पाणीही बाद. बारामती-इंदापूरच्या वाड्या-वस्त्यांवर आशा सेविका बाळंतिणीला नेमके हेच सांगतात, आणि तिथेच आजीशी त्यांची गाठ पडते.

कायद्याने आयुर्वेदिक आणि डॉक्टरी अशा दोन्ही औषधांना एकाच छत्राखाली आणले, पण उशिरा. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४०चा; आयुर्वेदिक औषधांचे प्रकरण त्यात १९६४च्या दुरुस्तीने आले. विषारी द्रव्यांची एक अनुसूची आहे, तिच्यात बचनाग, धोतरा, बिब्बा, अफू, पारा ही नावे आहेत आणि अशी औषधे वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यावीत असा इशारा वेष्टनावर छापावा लागतो. मात्र ग्रंथोक्त कृतीने, ग्रंथात सांगितलेल्याच उपयोगासाठी बनवलेल्या औषधाला परवाना मागताना सुरक्षिततेचा वेगळा अभ्यास सादर करावा लागत नाही. २०१०च्या नियमाने ती सवलत स्पष्ट केली. ग्रंथाचा आधार तेथे पुरावा मानला जातो. आज पुष्य नक्षत्रावर सुवर्णप्राशनाची शिबिरे भरतात, त्यांचा आधार ‘काश्यपसंहिता’. नेपाळात सापडलेल्या खंडित हस्तलिखितावरून हा ग्रंथ मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने १९३८ साली छापला. त्यात सोने पाण्याबरोबर दगडावर उगाळून मध-तुपातून चाटवायला सांगितले आहे.