किल्लीच्या खांचांचें गणित

शहरांतील घराच्या दारास बहुधा लॅचचें कुलूप असतें आणि त्याची चपटी किल्ली घरांतील प्रत्येकाजवळ असते. तिच्या कडेवरील कमीअधिक खोल खांचा पाहिल्या, म्हणजे कारागिरानें त्या मनास येतील तशा कापल्या असाव्यात असें वाटतें. वस्तुस्थिति अगदीं उलट आहे. खांच किती खोल असावी, आणि तिच्या शेजारची खांच तिच्याहून किती निराळी असावी, यासंबंधींचे निर्बंध फार कडक असतात. एकाच्या किल्लीनें दुसऱ्याचें दार उघडूं नये, ही शाश्वति त्या निर्बंधांवर उभी आहे.

या कुलुपाचें मूळ तत्त्व फार पुरातन आहे. ईजिप्तमधील लाकडी कुलुपांत अडसराच्या भोंकांमध्यें वरून सुट्या खुंट्या पडत व अडसर अडवून धरीत. तितक्याच दातांची लाकडी किल्ली आंत घालून वर उचलली, कीं खुंट्या वर जात आणि अडसर सरके. याच जातीचें एक कुलूप खोर्साबाद येथील असीरियन राजवाड्याच्या अवशेषांत सांपडलें. परंतु या रचनेंत एक वैगुण्य होतें. खुंट्या पुरेशा वर गेल्या म्हणजे काम भागे. त्या अधिक उंच गेल्या तरी कांहीं बिघडत नसे. ही उणीव इंग्लंडांत रॉबर्ट बॅरन यानें १७७८ सालीं ओळखली. त्याच्या कुलुपांतील लिव्हर नेमक्याच उंचीवर उचलावे लागत. कमी उचलून भागत नसे, आणि अधिक उचलले तरीही कुलूप अडून बसे. किल्लीच्या खोलीला खरें महत्त्व आलें तें येथून.

पुढें जोसेफ ब्रामा यानें १७८४ सालीं आपल्या कुलुपाचें पेटंट घेतलें. ब्रामांच्या लंडन येथील दुकानाच्या खिडकींत १८ सरकत्या पट्ट्यांचें एक कुलूप मांडलेलें असे, आणि तें उघडणारास २०० गिनींचें बक्षीस जाहीर केलेलें होतें. संभाव्य किल्ल्यांची संख्या पाहतां तें अजिंक्यच वाटे. १८५१ सालच्या प्रदर्शनाच्या वेळीं आल्फ्रेड हॉब्ज हा अमेरिकन कारागीर तेथें आला. त्यानें १६ दिवसांत विभागलेले ५१ तास खर्चून तें उघडलें. त्यानें सर्व किल्ल्या लावून पाहिल्या नाहींत. कुलुपावर हलका दाब ठेवून एकेक पट्टी कोठें अडते तें त्यानें चांचपून काढलें. संख्या कितीही मोठी असो, धातूच्या सांध्यांतील सूक्ष्म फट तिला निष्प्रभ करूं शकते, हा धडा कुलूपकारांस त्या दिवशीं मिळाला.

अमेरिकेंत लायनस येल यानें १८४८ च्या सुमारास प्राचीन खुंट्यांचें तत्त्व धातूंत उतरविलें. त्याचा त्याच नांवाचा मुलगा पूर्वीं व्यक्तिचित्रें रंगवीत असे. त्यानें १८६१ व १८६५ सालच्या पेटंटांनीं या कुलुपास आजचें रूप व चपटी किल्ली दिली. १८६८ सालीं हेन्री टाउन याच्या भागीदारींत स्टॅमफर्ड येथें कारखाना निघाला, आणि त्याच वर्षाअखेर येल निवर्तला.

या कुलुपांत एका पोकळ भागांत फिरणारा पितळी दंडगोल असतो. दोहोंमधून आरपार गेलेल्या भोंकांत दोन दोन तुकड्यांच्या पिना असतात व वरून स्प्रिंग त्यांस खालीं दाबते. योग्य किल्ली घातली, म्हणजे प्रत्येक पिनेच्या दोन तुकड्यांमधील सांधा दंडगोलाच्या कडेशीं बरोबर जुळतो आणि दंडगोल फिरतो. एकही सांधा वर वा खालीं राहिला, तर तो फिरत नाहीं.

आतां खोलीच्या मर्यादा पाहूं गेल्यास त्या तीन आहेत. पहिली दोन पायऱ्यांमधील अंतराची. दंडगोल फिरावयाचा तर त्याच्या भोंवतीं किंचित् फट हवीच. पायऱ्यांमधील अंतर फार कमी ठेवलें, तर तो फरक त्या फटींत सामावून जातो आणि परकी किल्लीही फिरते. दुसरी मर्यादा पात्याची. खांच कोऱ्या किल्लीच्या कडेहून उंच असूं शकत नाहीं, आणि फार खोल गेल्यास उरलेलें पातें इतकें अरुंद होतें कीं फिरवितांना तें कुलुपांतच मोडावें. तिसरी मर्यादा शेजारधर्माची. पिना चढत-उतरत जाव्यात म्हणून प्रत्येक खांचेच्या दोन्ही बाजूंस उतार ठेवावा लागतो. उथळ खांचेलगत अतिशय खोल खांच कापली, तर तिचा उतार पसरून उथळ खांचेची बैठकच खाऊन टाकतो. आणि उतार उभा केला, तर पीन अडकून किल्ली आंतबाहेर होत नाहीं.

वॉल्टर श्लेग यानें १९२० सालीं सॅन फ्रान्सिस्को येथें काढलेल्या कारखान्याचें उदाहरण बोलकें आहे. त्याच्या प्रसिद्ध रचनेंत शून्यापासून नऊपर्यंत दहा खोल्या आहेत. एका पायरीचें अंतर इंचाचे १५ सहस्रांश, म्हणजे मिलिमीटरच्या दोनपंचमांशाहूनही कमी. दोन पिनांमध्यें सुमारें ४ मिलिमीटर अंतर असतें, आणि शेजारच्या खांचांत सात पायऱ्यांहून अधिक फरक चालत नाहीं. पांच पिनांच्या कुलुपास निव्वळ गणितानें १,००,००० किल्ल्या होतात. परंतु शून्याशेजारीं आठ किंवा नऊ नको, एकाशेजारीं नऊ नको, एवढा एकच नियम लावला कीं ७९,६६६ उरतात. पंचमांशाहून अधिक किल्ल्या एका उतारापायीं गेल्या!

गृहस्थाच्या दृष्टीनें यांतील बोध साधा आहे. नकलेवरून नक्कल, तिच्यावरून आणखी नक्कल, अशी किल्ली कापवीत गेल्यास प्रत्येक वेळीं केसभर चूक सांचत जाते. पायरीच जेथें अर्ध्या मिलिमीटरहून लहान, तेथें ती चूक सांचतां सांचतां पायरीच्या निम्म्यापर्यंत सहज पोंचते. म्हणून मूळ किल्ली जपून ठेवावी, निदान तिच्या खोल्यांचे आंकडे तरी टिपून ठेवावेत. त्या आंकड्यांवरून जाणत्या कारागिरास नवी किल्ली मूळच्या मापाची कापतां येते. मात्र ते आंकडे किल्लीइतकेच गुप्त राखावेत. कारण ज्याच्या हातीं ते पडले, त्याच्या हातीं किल्लीच पडली.