तंबोऱ्याचे वय

मिरजेत तंतुवाद्ये घडू लागली ती 1850 च्या सुमारास, हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या हातून. त्यांसाठी भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याच्या पट्ट्यातून, जिथे माणदेशातली माण नदी भीमेला मिळते.

जुन्या तंबोऱ्याचे वय कशावरून ठरवावे? कारागिराच्या नावाची चिठ्ठी असली, तरी ती अपुरी ठरते. कारण भोपळा फुटतो, खुंट्या झिजतात, घोडी बदलते. सेल्युलॉइड 1870 च्या सुमारास प्रचारात आले; म्हणून त्याची नक्षी त्यानंतरचीच. दांडी मात्र त्याहून जुनी असू शकते. पोथीत आपण मूळ पाठ आणि प्रक्षेप वेगळे करतो, तसाच इथे प्रत्येक अवयव स्वतंत्रपणे वाचावा लागतो. साऱ्या वाद्याला एकच सन चिकटवणे म्हणजे ते दुरुस्त करून गाते ठेवणाऱ्या पिढ्यांना इतिहासातून पुसणे होय.