थंडी, डिझेल आणि तोरणमाळची एक पहाट



परवा नातवाचा फोन आला. "आजोबा, थंडीत गाडी चालूच होत नव्हती. मेकॅनिक म्हणाला, ग्लो प्लग गेलेत. म्हणजे काय हो?" त्याला फोनवर सांगितले ते थोडक्यात. पण फोन ठेवल्यावर मला तोरणमाळची ती पहाट आठवली, म्हणून आज हे सविस्तर लिहायला बसलो.

आधी शाळा घेतो, मग गोष्ट! सायकलच्या पंपाने हवा भरताना पंपाचा खालचा भाग तापतो, हे सगळ्यांनी अनुभवले असेल. हवा दाबली की तापते. डिझेल इंजिनाचे सारे मर्म यातच आहे. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पडते, डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसतेच. हवा दाबून तिचा विसावा हिस्सा उरवायचा, की ती पाचशे अंशांच्या वर तापते. त्यात डिझेलचा फवारा मारला की तो आपोआप पेटतो.

ही कल्पना रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याची. १८९२ साली त्याने पेटंटसाठी अर्ज केला आणि १८९७ साली आउग्सबुर्गला त्याचे इंजिन नीट चालले. गंमत म्हणजे त्याआधी हा गृहस्थ आपले गुरू लिंडे यांच्या बर्फ बनवण्याच्या उद्योगात नोकरीला होता. १९१३ साली इंग्लंडला जाताना तो बोटीवरून नाहीसा झाला. १९३६ साली मर्सिडीजने डिझेलवर चालणारी मोटार विकायला काढली, ती पाहायला तो नव्हता.

आपल्याकडे हे इंजिन मोटारीआधी विहिरीवर आले. साताऱ्याजवळ कूपर यांनी १९३० च्या दशकात डिझेल इंजिने बनवली, पुढे किर्लोस्करांची आली. आमच्या शेतावरही एक होते. वडील एका हाताने झडपेचा खटका धरून दुसऱ्या हाताने हँडल फिरवत. खटका धरला की हवा दाबली जात नाही, त्यामुळे हँडल हलके फिरते. जड चाकाने वेग घेतला की खटका सोडायचा, मग चाकाच्या जोरावरच हवा दाबली जाते. हिवाळ्यात मात्र वडिलांना दोन-तीनदा तरी हँडल मारावे लागे, कारण थंड लोखंड ती उष्णता पिऊन टाकते. शिवाय तेल घट्ट होते, आणि मोटारीत तर बॅटरीही मंदावते. इंजिन हळू फिरले की दाबलेली हवा निसटते. म्हणून मोटारीच्या इंजिनात ग्लो प्लग बसवतात. विजेवर लाल होणारी ही छोटी कांडी. आपले ड्रायव्हर त्याला 'हीटर मारणे' म्हणतात.

आता गोष्ट. १९८७ चा जानेवारी. शहाद्याहून मुलांची सहल घेऊन आम्ही तोरणमाळला मुक्कामी होतो. सातपुड्यातले हे ठिकाण साडेअकराशे मीटरच्या आसपास उंच आहे. कडाक्याच्या थंडीत इथे कधी कधी दवही गोठते. पहाटे चारला सातवीतल्या एका मुलाला दम लागला. ओठ निळसर दिसू लागले. दवाखाना शहाद्याला, पन्नासेक किलोमीटर, घाट उतरून.

सोबत भाड्याची डिझेल जीप होती. ड्रायव्हरने हीटर मारला, स्टार्टर फिरवला. खर्र... खर्र... आणि गप्प. (दोन प्लग जळालेले होते, हे पुढे मेकॅनिकने काढून दाखवले.) चार-पाच वेळात बॅटरीही बसली. ड्रायव्हर पेटता बोळा हवेच्या तोंडाशी धरायला निघाला. खाली डिझेल सांडलेले. मी त्याचा हात धरला.

आवाजाने शेजारच्या पाड्यातले पावरा बांधव जागे झाले होते. एकाने चुलीवर पाण्याचे हंडे चढवले. गरम पाण्यात पोती भिजवून ती इंजिनावर टाकायची, असे ठरले. एक म्हातारे मला म्हणाले, "गुरुजी, गाडीची वाट नका पाहू." बांबूला चादर बांधून झोळी झाली. मुलाला त्यात ठेवून चौघे घाटाकडे चालू लागले, मी कंदील घेऊन मागे. अर्ध्या-पाऊण तासाने मागून जीपचा आवाज आला. पोत्यांनी इंजिन कोमट झाले होते आणि दहा-बारा जणांनी धक्का मारला होता. मुलगा वाचला.

आज गाड्या सुधारल्या. चावी फिरवल्यावर पिवळा वेटोळ्याचा दिवा विझेपर्यंत थांबले की काम झाले. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ साली उणे ३३ अंशांतही न गोठणारे डिझेल काढले. पण सातपुड्यात रस्ता नसलेल्या पाड्यांवरून आजारी माणसाला झोळीतून आणावे लागल्याच्या बातम्या अजूनही वाचतो, तेव्हा ती पहाट समोर उभी राहते.

एक गोष्ट मात्र सलते. मी आयुष्यभर इतिहास शिकवला. नावे आणि सनावळ्या मुलांकडून घोकून घेतल्या. रुडॉल्फ डिझेलचे नाव मला आजही पाठ आहे. त्या चौघांची नावे मी विचारलीच नाहीत. जीप आली, आम्ही चढलो आणि निघालो. ते तिथेच घाटाच्या तोंडाशी, थंडीत उभे होते.

असो. नातवा, प्लग बदलून घे, आणि बॅटरीही तपासून घे.