करवीरच्या अंगणातील चुना आणि सिमेंट

करवीर म्हणजेच कोल्हापूर संस्थानच्या अमदानीत मातबरांचे वाडे काळ्या पाषाणाच्या जोत्यांवर उभे राहत, तेव्हा त्यांची मजबुती बैलाच्या घाणीत चुना आणि वाळू किती निगुतीने मळली गेली यावर अवलंबून असे; सामान्य रयतेचे अंगण मात्र मुरूम चोपून, शेणाने सारवून सिद्ध होई. इंग्लंडात जोसेफ ॲस्पडिनने १८२४ साली ज्याची सनद मिळवली, ते पोर्टलंड सिमेंट १९१४ साली पोरबंदरास तयार होऊ लागले आणि कालांतराने घाणी थांबली.

चुना हवेतील कर्बवायू शोषून सावकाश कठीण होतो. सिमेंट पाण्याशीच संयोग पावून घट्ट होते, म्हणून त्यास ओले राखणे हेच त्याचे खरे संगोपन होय. एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू आणि चार भाग खडी या प्रचलित प्रमाणात ५० किलोच्या पोत्यास सुमारे २५ लिटर पाणी पुरते. अधिक ओतल्यास ते उडून जाताना सूक्ष्म छिद्रे ठेवते आणि अंगण दुर्बळ होते.

कोल्हापूरच्या पावसाचा विचार करून ज्यास अंगणात काँक्रीट घालावयाचे असेल, त्याने तळाचा मुरूम नीट धुम्मसावा, उतार घराबाहेर द्यावा आणि निदान सात दिवस पाणी मारण्यात हयगय करू नये.